न्यायालयातले हसू

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सुटीसाठी पुण्याहून बुलडाण्याला आली होती. रात्रीची जेवणे आणि कुटुंबप्रार्थना आटोपली की घरातील लहानथोर तिच्या लॅपटॉपसमोर बसत आणि ती ‘मामला लीगल है’ ही हिंदी विनोदी मालिका लावी. मार्च २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वात आठ भाग आहेत. दिल्लीतील पटपडगंजच्या जिल्हा न्यायालयात सारे कथानक घडते. चलाख, बोलघेवडा, पण मनाने अगदीच वाईट नसलेला त्यागी वकील रवी किशन यांनी झोकात उभा केला आहे. परदेशात कायदा शिकून आलेली आणि गोरगरिबांना न्याय मिळवून देण्याच्या स्वप्नाने भारलेली एक तरुण वकीलही त्यात आहे. याच मालिकेत एक शिवराळ पोपट आहे. त्या पोपटावरून माजलेला गोंधळ पाहताना आम्ही सारे पोट धरधरून हसलो.

हसता हसता मी मात्र थांबलो. भाचीच्या ते लक्षात आले. “मामा, एकदम गप्प का झालात?” तिने विचारले. झोप आली, असे काहीसे सांगून मी वेळ मारून नेली. खरे उत्तर त्या रात्री मला देता आले नाही. ते या लेखात द्यायचा विचार आहे.

वाचकांपैकी काहींना आठवत असेल, शिव्या देणाऱ्या पोपटाची गोष्ट निव्वळ कल्पनेतली नाही. २०१५ साली आपल्याच विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे, एका वृद्धेने तक्रार केली होती की नात्यातल्या माणसाने आपला पोपट शिकवून ठेवला आहे आणि ती घरावरून जाऊ लागली की तो तिला शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावून घेतले. ठाण्यात मात्र पोपटाने अवाक्षर काढले नाही. शेवटी त्याला वनखात्याच्या स्वाधीन करण्यात आले. ही बातमी देशभर छापून आली आणि देशभर लोक हसले. हसण्यासारखीच ती होती. परंतु त्या बातमीत एक म्हातारी होती, आणि तिचा रोज सकाळ-संध्याकाळ अपमान होत होता, ही गोष्ट हसणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानात राहिली? पोपट सर्वांच्या लक्षात राहिला. म्हातारी विसरली गेली.

त्या रात्री मला आठवली ती अशीच एक बाई. ती म्हातारी नव्हती. माझी वहिनी होती, चुलतभावाची विधवा.

बारा वर्षांपूर्वीची ही हकीकत आहे. आमचे शेत घाटावर, चिखलीच्या बाजूला. आमच्या आणि चुलत्यांच्या शेतात एकच बांध. चुलतभाऊ वारल्यावर तो बांध हळूहळू वहिनींच्या रानात सरकू लागला. बांध आपला आपण सरकत नसतो, नांगर धरणारा हात त्याला सरकवतो. तो हात माझ्या थोरल्या भावाचा होता. वहिनींनी दावा लावला. मी भावाचा साक्षीदार झालो. जन्मभर शिक्षकी केलेला माणूस, गावात शब्दाला मान, म्हणून वकिलांनीच माझे नाव सुचवले होते.

सरतपासणीत वहिनींनी सांगितले होते की जुना बांध बाभळीच्या झाडाला लागून होता. उलटतपासणीत आमच्या वकिलांनी त्यांना विचारले, “आज बांधावर कोणते झाड आहे?” त्या म्हणाल्या, “कडुनिंब.” झाले! मघाशी बाभूळ, आता कडुनिंब. मग माझी पाळी आली. वहिनींच्या वकिलांनी मला नेमका प्रश्न केला : “जुन्या बांधावर बाभूळ होती की नव्हती?” मी म्हणालो, “काय सांगू साहेब! आमच्या वहिनींची झाडं चालती-फिरती आहेत. पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारात येऊन उभी राहतील.” सारे न्यायालय हसले. मागच्या बाकांवर बसलेले पक्षकार हसले, शिपाई हसला, वकीलमंडळी हसली. “मुद्द्याचं बोला” असे मला बजावण्यात आले, पण त्या गडबडीत प्रश्न वाहून गेला. वकिलांनी पुढचा प्रश्न घेतला. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत वहिनी खाली मान घालून बसून राहिल्या.

बाभूळ होती. माझ्या भावानेच ती तोडली होती आणि तिच्या लाकडाचे औत केले होते. मला ते ठाऊक होते. शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा असताना मी एकही खोटे वाक्य उच्चारले नव्हते. मी फक्त लोकांना हसवले होते.

म्हणून प्रश्न असा : न्यायालयात हसणे योग्य आहे काय? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न : आपण हसतो ते नेमके कोणाला?

हसण्याविषयी विचारवंतांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. हेन्री बर्गसन या फ्रेंच तत्त्वचिंतकाने १९०० साली या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. घटकाभर हृदय बधिर झाल्याशिवाय माणसाला हसू येत नाही, असे त्याचे एक निरीक्षण आहे. कोणी पाय घसरून पडला की आपण हसतो, पण पडणारी आपली आई असेल तर हसत नाही, कारण तिथे हृदय बधिर होत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर या विषयाचे दोन्ही पदर उलगडून दाखवले आहेत. माणसाच्या मनाला विसावा लागतो आणि थट्टाविनोद हा त्याचा विसावा आहे. म्हणून प्रमाणात केलेली थट्टा हा सद्गुण आहे, आणि जो स्वतः कधी हसत नाही व दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो तो दोषी आहे, असे ते म्हणतात. परंतु त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी ते उपहासाला पापांच्या यादीत बसवतात. उपहास म्हणजे दुसऱ्याला लाजेने खाली पाहायला लावण्यासाठी केलेली थट्टा. समोरच्या माणसाला कस्पटासमान लेखून त्याच्या दुःखाचा खेळ केला की ते पाप गंभीर होते. बाहेरून पाहता दोन्ही हसणी सारखीच दिसतात. तोच आवाज, तेच दात. फरक आत असतो.

हा फरक न्यायालयात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसत असेल. न्यायालयात येणारा मनुष्य आपल्या मर्जीने येत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. त्याला उठून जाता येत नाही, उलट थट्टा करता येत नाही. हात बांधलेल्या माणसाला गुदगुल्या करण्यासारखाच हा प्रकार आहे.

तरीही न्यायालयाच्या विनोदी मालिका लोकांना आवडतात, आणि त्या आवडाव्यात यात गैर काही नाही. भाचीनेच मला पुढे ‘नाइट कोर्ट’ या जुन्या अमेरिकन मालिकेचे काही भाग दाखवले. जानेवारी १९८४ ते मे १९९२ या काळात एनबीसी वाहिनीवर तिचे १९३ भाग झाले. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील रात्रपाळीचे न्यायालय हे तिचे स्थळ. पोलिसांनी पकडून आणलेले किरकोळ गुन्ह्यांचे आरोपी रात्रभर तिथे उभे केले जातात. न्यायाधीश हॅरी स्टोन हा तरुण आणि जादूचे खेळ करणारा. त्याची नेमणूकही योगायोगाने झालेली : मावळत्या महापौराने यादीतील नावांना दूरध्वनी लावले, दिवस रविवारचा, घरी सापडला तो हॅरी एकटाच! हॅरी अँडरसन या नटाने ही भूमिका केली. तो २०१८ साली वारला.

या मालिकेतील एक भाग मला विशेष वाटला. अटकेतील शेकडो लोकांची पहिली हजेरी मध्यरात्रीपूर्वी आटोपली नाही तर त्यांना सोडून द्यावे लागणार, असा पेच पडतो. घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो, माणसांची रांग संपत नाही. चोर, दारूडे, भांडखोर नवरा-बायको, विक्षिप्त म्हातारे असे सारे एकामागून एक येतात. हसून हसून पुरेवाट होते. पण त्या घाईतही न्यायाधीश समोर आलेल्याच्या तोंडाकडे पाहतो. दुसऱ्या एका भागात तर व्यंगचित्रपटांतला तो पक्ष्यामागे धावणारा कोल्हा आरोपी म्हणून येतो आणि न्यायाधीश त्याला त्या पक्ष्याचा नाद सोडून देण्याचा आदेश देतो. हा निव्वळ पोरखेळ आहे, आणि त्यात कोणाचे काही जात नाही.

त्याहून मनाला लागून राहिली ती फिलची गोष्ट. डॅन फील्डिंग हा या न्यायालयातला सरकारी वकील, लोभी आणि गर्विष्ठ. जॉन लॅरोकेट या नटाला या भूमिकेसाठी १९८५ ते १९८८ अशी सलग चार वर्षे एमी पारितोषिक मिळाले. हा डॅन फिल नावाच्या एका बेघर माणसाला आपली हलकीसलकी कामे सांगतो, हिडीसफिडीस करतो, आणि प्रेक्षक हसतात. पुढे फिल मरण पावतो. तेव्हा कळते की तो अतिशय श्रीमंत होता. आपली सारी संपत्ती त्याने धर्मादाय कामासाठी ठेवली आहे आणि तिचा कारभार सोपवला आहे तो डॅनवर! म्हणजे ज्याने दारिद्र्याची चेष्टा केली, त्यालाच आता दरिद्री लोकांसाठी पैसा वाटत बसायचे आहे, स्वतः एका पैशालाही हात न लावता. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला ज्यांच्या घरी वाचला जातो त्यांना या विनोदाची धार वेगळी समजावून सांगायला नको. इतके दिवस आपण फिलला हसत होतो. त्या क्षणी हसू उलटते आणि डॅनवर येऊन पडते. खरे म्हणजे थोडेसे आपल्यावरही पडते.

आता आपल्या मराठीकडे वळू. न्यायालयातला विनोद म्हटला की आमच्या पिढीला एकच नाटक आठवते : आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. माधव काझी या भामट्यावर चाललेल्या खऱ्या खटल्यावरून अत्र्यांना ते सुचले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेश्याम महाराज अशी नावे आणि रूपे घेऊन त्याने अनेक स्त्रियांना लग्नाच्या नावाखाली फसवलेले असते. साक्षीदार एकामागून एक येतात, फिरत्या रंगमंचावर जुने प्रसंग उभे राहतात, आणि प्रत्येक वेळी लखोबाचे एकच पालुपद : तो मी नव्हेच! प्रभाकर पणशीकर यांनी ही भूमिका आयुष्यभर केली. २०११ साली ते निवर्तले तेव्हा अवघ्या महाराष्ट्राला पहिल्यांदा आठवला तो लखोबाच.

या नाटकाला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मनसोक्त हसलो. पण माझ्या साक्षीनंतर मला एक शंका छळू लागली. नाट्यगृहात आम्ही हसत होतो ते कोणाबरोबर? लखोबाबरोबर! पिंजऱ्यात येऊन रडणाऱ्या त्या स्त्रियांची आयुष्ये धुळीला मिळालेली होती. त्यांच्यातली एखादी प्रेक्षकांत असती तर तिला हसू आले असते काय? अत्र्यांचा दोष यात मी काढत नाही. लखोबाचा कावा प्रेक्षकाला पहिल्यापासून कळलेला असतो आणि म्हणूनच त्याच्या प्रत्येक नकाराला हसू येते. त्या हसण्यात त्याचे ढोंग उघडे पडते, हे खरे. परंतु लखोबाचे शस्त्रही हसूच आहे, हे विसरता येत नाही. साक्षीदाराची फिरकी घ्यायची, लोकांना हसवायचे, आणि हशाच्या आडून निसटायचे. मी तरी त्या दिवशी दुसरे काय केले होते? बाभूळ होती की नव्हती, या प्रश्नाला मीही एका परीने हेच उत्तर दिले होते : तो मी नव्हेच.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात हे हसू आपला खरा चेहरा दाखवते. १९६७ साली ते रंगभूमीवर आले. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन, आणि लीला बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. हौशी कलावंतांचा एक संच अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी खेड्यात येतो. वेळ जात नाही म्हणून खेळ मांडतात : बेणारेबाईंना आरोपी करायचे आणि त्यांच्यावर लटका खटला चालवायचा. आरोप कोणता, तर भ्रूणहत्येचा. सुरुवातीला बेणारे स्वतःही हसते. मग एकेक साक्षीदार थट्टेथट्टेत तिच्या खऱ्या आयुष्यात हात घालू लागतो. तिला दिवस गेले आहेत, त्या मुलाचा बाप तिला सोडून गेला आहे, तो इथे हजरही नाही. हे उघड होते, तरी खेळ थांबत नाही. ती निघून जायला पाहते तेव्हा दार बंद असते. खेळातला न्यायाधीश न्यायासनावरून उतरून स्वतःच साक्ष देतो. आणि शेवटी निकाल लागतो तो असा, की तिच्या पोटातला गर्भ नष्ट झाला पाहिजे!

वाचकहो, या निकालाकडे नीट पाहा. ज्या गोष्टीला गुन्हा ठरवून खटला सुरू झाला, तीच गोष्ट करण्याचा हुकूम खटल्याच्या शेवटी दिला जातो. जिवाचे रक्षण करायला बसलेले न्यायालय जिवाचा घात फर्मावते, आणि तरीही साऱ्यांचे म्हणणे एकच : हा तर खेळ होता, तू मनाला लावून का घेतेस? माझ्या मते हे वाक्य जगातील सर्वांत जुन्या सबबींपैकी एक असेल. मी थट्टा करत होतो! थट्टेला पुरावा लागत नाही. थट्टेवर उलटतपासणी होत नाही. खोट्या साक्षीसाठी शिक्षा आहे, पण साक्षीत केलेल्या विनोदाला नाही. म्हणूनच दुबळ्याला चिरडण्यासाठी विनोदासारखे सोयीचे हत्यार नाही.

न्यायालयाचे आणखी एक चित्र अलीकडचे आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साठीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. त्यातील वृद्ध शाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे वीरा साथीदार यांनी केली होती. ते २०२१ साली कोरोनाने गेले. शाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा त्याच्यावर आरोप आहे. चित्रपटात विनोद आहे, पण तो ओठांवर येता येता विरतो. बाह्या नसलेला पोशाख घालून आली म्हणून एका स्त्रीचे प्रकरण पुढे ढकलले जाते. सरकारी वकील बाई जुन्या कायद्याची कलमे एका सुरात वाचत राहतात. याच बाई सुटीच्या दिवशी कुटुंबासह एक विनोदी नाटक पाहायला जातात. परप्रांतीयांची टिंगल करणाऱ्या त्या नाटकाला सारे नाट्यगृह खदखदून हसते. त्या दृश्यात कोणीही दुष्ट नाही. घरोघरची साधी माणसे आहेत. परंतु रविवारी ज्या हसण्याची सवय लागते, तीच सवय सोमवारी काळा कोट घालून न्यायालयात उभी राहते, असे मला ते पाहताना वाटले.

कायदा करणाऱ्यांना हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील १५१ व १५२ या कलमांनी असभ्य प्रश्नांना आणि केवळ अपमान करण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांना मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला होता. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे संरक्षण कायम आहे. मात्र कायदा प्रश्नाला आवर घालू शकतो, हशाला नाही. हशा ही बाकांवर बसलेल्यांची, म्हणजे तुमची-माझी जबाबदारी आहे.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपण उपवासकाळात मिस्सामध्ये ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. त्यांच्या शब्दाला वजन आहे, म्हणून सभा तिला मरणदंड देऊन मोकळी होते. तरुण दानिएल पुढे येतो, दोघांना वेगवेगळे करतो आणि एकच साधा प्रश्न विचारतो : कोणत्या झाडाखाली? एक एका झाडाचे नाव सांगतो, दुसरा दुसऱ्याच. खोटे उघडे पडते. मूळ ग्रीक संहितेत दानिएल त्या झाडांच्या नावांवर श्लेषही करतो. म्हणजे भर न्यायसभेत, जीवन-मरणाच्या घटकेला, पवित्र शास्त्रानेही विनोदाला जागा दिली आहे! परंतु तो विनोद कोणावर आहे? सत्ता हाती असलेल्या दोघा खोटारड्यांवर. आणि तो कोणासाठी आहे? जिच्या बाजूने एकही साक्षीदार नाही अशा एका बाईसाठी.

कित्येक वर्षे ही कथा मी ऐकत आलो. गेल्या उपवासकाळात ती पुन्हा ऐकताना ‘कोणत्या झाडाखाली?’ या शब्दांशी मी थबकलो होतो, आणि विचार झटकून टाकला होता. झाडाचाच प्रश्न मलाही विचारण्यात आला होता. प्रश्न विचारणारा दानिएलच्या जागी होता. मी मात्र त्या दोन वडीलधाऱ्यांच्या रांगेत उभा होतो, आणि वर विनोदही मीच केला होता. उन्हाळ्यात तो पोपट पडद्यावर आला आणि झटकून टाकलेला विचार परत आला. मग तो जाईना.

तेव्हा न्यायालयात हसावे की नाही, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. हसावे. न्यायासनाच्या डामडौलाला हसावे, तारखांच्या चक्राला हसावे, लबाडाच्या ढोंगाला हसावे, आणि सर्वांत आधी स्वतःला हसावे. पण हसण्यापूर्वी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या दुबळ्या माणसाकडे एकदा पाहून घ्यावे. त्यालाही या हसण्यात भाग घेता येईल काय? येत असेल तर ते हसू माणसामाणसांतले अंतर कमी करील. येत नसेल, तर आपल्या हातात एक दगड आहे असे समजावे.

भाची परत गेल्यावर मी वहिनींकडे गेलो. बारा वर्षांत मी त्यांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. दावा अजून चालूच होता. त्यांनी पाणी दिले, चहा ठेवला. मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी कोर्टात मी तुमचं हसं केलं. मला क्षमा करा.” त्या काही वेळ चुलीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हासले ते हासले, भाऊजी. लोकं तं हासतेच. पन बाभूय कोनं तोडली, हे तुमी सांगता का आता?”

क्षमा मागणे किती सोपे होते, हे मला त्या क्षणी उमगले. मी शब्द परत घ्यायला गेलो होतो. त्यांना हवे होते ते सत्य, आणि सत्याच्या पाठोपाठ त्यांचा बांध. प्रायश्चित्त संस्कारात दुसऱ्याची नेलेली वस्तू परत करण्यावर इतका भर का दिलेला आहे, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना कितीतरी वेळा शिकवले होते. जक्कयाने येशूला घरात घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही, त्याने हिशेब मांडला. हा हिशेब मी बारा वर्षे टाळला होता.

मी भावाला सांगितले की विचारले गेले तर बाभळीचे खरे सांगेन. तो फार चिडला. दोन महिने आमच्यात अबोला होता. कोणाच्या घरात असे व्हावे अशी इच्छा मी करणार नाही. शेवटी त्याच्याच मुलाने समजूत घातली. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घेतली. खुणा गाडल्या गेल्या तेव्हा बांध आमच्याकडे तीन हात सरकला, आणि जुन्या बाभळीचा बुंधा मातीखाली जिथे होता तिथेच सापडला. दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते, आणि भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते.

सह्या आणि अंगठे झाले. निवाडा वाचून दाखवल्यावर वहिनींना विचारण्यात आले, “बाई, आता काही तक्रार?” त्यांनी पदर सावरला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “तक्रार नाई साहेब. फकस्त मास्तरले म्हना, एक बाभूय लावून द्या. पन चालनारी नको!”

सारी खोली हसली. माझा भाऊ हसला, मीही हसलो, आणि वहिनी सर्वांत मोठ्याने हसल्या.

पावसाळा लागल्यावर मी बांधावर बाभूळ लावली आहे. शेळ्यांपासून जपण्यासाठी तिला काट्यांचे कुंपण केले आहे. ते वहिनी बघतात.